दुमिंगमास्तरांचा उपवास

"आणि मीठ?"

"मीठही सोडलं, फादर. राखेच्या बुधवारपासून."

"चहा?"

"चहा तर पहिल्याच दिवशी. मांस नाही, मासळी नाही. दिवस मावळल्यावर एकदाच जेवतो. गादी गुंडाळून ठेवलीय. चटईवर झोपतो."

"अंग दुखत असेल."

"दुखतं. ते देवाला अर्पण करतो."

फादर हिलरींनी मान डोलावली. बराच वेळ ते समोरच्या केळीच्या बागेकडे बघत राहिले.

वसईच्या पट्ट्यात, समुद्राच्या बाजूला, निवृत्त धर्मगुरूंसाठी एक बैठं घर आहे. त्याच्या ओट्यावरच्या बाकावर दोघं बसले होते. फादरांना चौऱ्याऐंशीवं चालू होतं. दुमिंगमास्तर बासष्टचे. शाळेतून निवृत्त झाले होते, पण चर्चचा गायनवृंद अजून त्यांच्याच हातात होता. चौदाव्या वर्षी त्यांच्या हनुवटीखाली व्हायोलिन ठेवलं ते फादर हिलरींनीच. तेव्हापासून मास्तरांनी गुरू मानला तो एकच. फादरांची बदली कुठंही झाली, तरी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एकदा तिथं जाऊन ते पापनिवेदन करून येत. दुसऱ्या कुणापुढे त्यांनी कधी गुडघे टेकले नाहीत.

यंदा त्यांनी सगळं लिहून आणलं होतं. चार पानं. देवाविरुद्ध, शेजाऱ्याविरुद्ध, स्वतःविरुद्ध, असे मथळे देऊन. अक्षर मोत्यासारखं.

"यंदा आत्मपरीक्षण नीट केलं, फादर. रोज पहाटे तासभर बसत होतो."

फादरांनी पानं हातात घेतली. चष्मा लावला नाही. नुसती धरून ठेवली आणि परत दिली.

"वाचणार नाही का, फादर?"

"कोणी तपासलं?"

"म्हणजे?"

"हे लिहिलंस ते. कोणी तपासलं?"

"मीच. आत्मपरीक्षण आहे ना, फादर. आपलं आपणच करायचं."

"शाळेत किती वर्षं होतास?"

"चौतीस."

"एखाद्या मुलाला त्याचाच पेपर तपासायला दिलास कधी?"

मास्तर हसले. फादर हसले नाहीत.

"घरी कोण असतं हल्ली?"

"मी आणि मार्सेलिन. लेक लग्न होऊन बोरिवलीला."

"तिला वाचून दाखव. मार्सेलिनला. आणि विचार, काही राहिलंय का."

मास्तरांचा चेहरा उतरला.

"माझं पापनिवेदन... बायकोपुढे?"

"माझ्यापुढे वर्षातून एकदा येतोस. तिच्यापुढे रोज असतोस."

"ती काय सांगणार, फादर? भोळी आहे. कुणाला उलटून बोलणं तिला माहीत नाही."

फादरांनी डोळे मिटले.

"पुढच्या शुक्रवारी ये."

"आणि आज? क्षमेचे शब्द?"

फादरांनी डोळे उघडले नाहीत.

 मास्तरांनी पानांची घडी करून खिशात घातली आणि ते निघाले. वाटेत दोघांतिघांनी त्यांना हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. एवढ्या वर्षांत फादरांनी त्यांना असं रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मार्सेलिनबाई मागच्या अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. पुढ्यात सुपभर चिंचा, एका बाजूला चिंचोक्यांचा ढीग. बोटं चिकट झालेली. मास्तर खुर्ची घेऊन समोर बसले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"तुला काही वाचून दाखवायचंय."

"मला?"

"फादर हिलरींनी सांगितलंय."

"मग वाचा."

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. वर्गात वाचत तसं, खणखणीत. जपमाळ दोनदा चुकली होती. प्रवचन चालू असताना घड्याळाकडे पाहिलं होतं. पुतण्याशी बांधावरून बोलणं झालं, त्यात आवाज चढला होता. लोक वाकून नमस्कार करतात तेव्हा मनाला गुदगुल्या होतात, हा अहंकार. शेजारच्या चर्चचा गायनवृंद चुकला तेव्हा बरं वाटलं, हा मत्सर.

चार पानं वाचून झाली. मार्सेलिनबाईंचे हात चालूच होते.

"झालं?"

"झालं."

"छान लिहिलंय."

"छान म्हणायला नाही वाचलं. काही राहिलंय का?"

"मी काय सांगणार? तुमचं तुम्हाला माहीत."

"फादरांनी विचारायला सांगितलंय."

त्यांनी हातातला चिंचोका ढिगावर टाकला. मग म्हणाल्या, "तुम्ही मीठ सोडलंत. त्यामुळं सगळं दोनदा शिजवावं लागतं. एकदा तुमचं, एकदा माझं. हल्ली गुडघे धरतात चुलीपाशी. हवं तर ते लिहा."

मास्तर जरा चिडले. पण त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं.

"आणखी?"

चिंच फोडणारा हात थांबला.

"खरंच विचारताय?"

"खरंच."

"बिशप आले होते, ते वर्ष आठवतं?"

मास्तरांचा चेहरा खुलला. "न आठवायला काय झालं? बावीस वर्षं झाली. बिशपांनी वेदीवरून माझं नाव घेतलं होतं. फोटो आहे ना बाहेर भिंतीवर. आपण काय गायलो होतो त्या दिवशी!"

"आपण नाही. मी नव्हते."

"तू नव्हतीस?"

"फोटोत बघा."

मास्तर उठले. बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या फोटोत मधोमध बिशप, त्यांच्या उजव्या हाताला व्हायोलिन घेतलेले मास्तर, मागं दोन रांगा. एकोणचाळीस माणसं. मास्तरांनी एकेक चेहरा बघितला. काचेवर बोट ठेवून पुन्हा मोजला.

ते परत येऊन बसले तेव्हा मार्सेलिनबाईंनी सूप बाजूला सरकवलं होतं.

"आदल्या शनिवारी तालीम होती," त्या म्हणाल्या. "क्रुसाखाली उभ्या असलेल्या मातेचं गीत. त्यातली एकटीनं म्हणायची ओळ माझ्याकडे होती. त्यात आई हा शब्द येतो. माझी आई जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या शब्दाशी आले आणि आवाज फुटला. सूर गेला. तुम्ही व्हायोलिन थांबवलंत. सगळ्यांदेखत म्हणालात, 'बेसूर प्रार्थनेपेक्षा मुकी प्रार्थना बरी.' आणि ती ओळ रेजिनाला दिलीत."

मास्तरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी खाली बसले. तालीम संपल्यावर घरी येऊन तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही म्हणालात, आमटी छान झालीय."

"आणि मग... तू यायचीच बंद झालीस."

"हो."

"मला वाटलं घरकाम. लेकीचं दहावीचं वर्ष होतं..."

"तुम्ही विचारलं नाही."

"तू तरी बोलायचंस, मार्सेलिन! बावीस वर्षं!"

"काय बोलायचं? तुमचं बरोबर होतं. सूर गेलाच होता."

मागच्या बागेतल्या विहिरीवर कुणीतरी पंप चालू केला. बागेच्या पाटात पाणी वाहू लागल्याचा आवाज आला. मास्तरांना लग्नाआधीचं काही आठवत होतं. चर्चमध्ये मुलींच्या रांगेतून आलेला एक आवाज. त्या आवाजाची मुलगी कोण ते शोधायला ते तीन रविवार दारापाशी उभे राहिले होते. ही गोष्ट ते लेकीला कितीदा तरी हसत सांगत. पुढं त्या आवाजाचं काय झालं, असं लेकीनंही कधी विचारलं नाही.

"आता म्हण," ते म्हणाले. "ती ओळ. इथं कुणी नाही."

"आता कुठली?"

"एकदा म्हण."

मार्सेलिनबाईंनी पदरानं बोटं पुसली. पाठ ताठ केली. तोंड उघडलं. नुसता वारा आला. मग काहीतरी खरखरलं आणि खोकल्याची उबळ आली. त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते खोकल्याचं की कशाचं, मास्तरांना कळलं नाही.

"उपसली नाही की विहीर बुजते," त्या म्हणाल्या. "असू द्या."

"मला माफ कर."

"ते केव्हाच केलं. पहिल्याच ईस्टरला केलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

आणि त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

त्या संध्याकाळी मास्तर जेवायला बसले नाहीत. उपवास म्हणून नव्हे.

रविवारी चर्चमध्ये ते वर, गायनवृंदाच्या माळ्यावर गेले नाहीत. व्हायोलिनची पेटी वर निघालेल्या मुलींकडे देऊन आत आले आणि चौथ्या बाकावर मार्सेलिनबाईंच्या शेजारी बसले.

"वर नाही गेलात?" त्या हळूच म्हणाल्या.

"आज नाही."

गीत सुरू झालं. सगळे उठून उभे राहिले. मार्सेलिनबाईंच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांना सगळं पाठ होतं. त्यांचे ओठ हलत होते, एकेक शब्द, एकेक मात्रा, श्वास घ्यायच्या जागासुद्धा अचूक. मास्तरांनी कान जवळ नेला. चाळीस आवाजांतून एक चुकलेला सूर ओळखणारा तो कान.

काहीच ऐकू आलं नाही.

चौथ्या कडव्याला मास्तर खाली बसले. आजूबाजूचे उभे होते. मार्सेलिनबाईंनी वाकून विचारलं, "बरं नाही का वाटत?" त्यांनी मान हलवली. त्या पुन्हा सरळ झाल्या आणि त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले.

शुक्रवारी मास्तर फादरांकडे गेले. खिशात कागद नव्हता.

फादर हिलरी ओट्यावरच होते. त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता झग्याच्या खिशातून जांभळा पट्टा काढला. पापनिवेदन ऐकताना धर्मगुरू गळ्यात घालतात तो. त्याचं चुंबन घेऊन त्यांनी तो गळ्यात घातला.

"सांग."

मास्तर बाकासमोर गुडघ्यांवर बसले. फरशी थंड होती.

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. तालीम, आईच्या शब्दावर फुटलेला आवाज, रेजिनाला दिलेली ओळ. त्या तालमीच्या तीन आठवडे आधी सासूला आपणच खांदा दिला होता, तरी त्या दिवशी आपल्याला फक्त सूर ऐकू आला, हेही सांगितलं. फोटोत मोजलेली माणसं. रविवारचे हलणारे ओठ.

"तिनं क्षमा केलीय, फादर. बावीस वर्षांपूर्वीच. मला अपराधच माहीत नव्हता. क्षमा घरात पडून होती."

"हं."

"दर उपवासकाळात मी तुमच्याकडे येत होतो. बावीस वेळा आलो. एकदाही हे सांगितलं नाही. लपवलं नाही, फादर. खरंच माझ्या मनात नव्हतं."

"हं."

"तिला ती ओळ म्हण म्हणालो. आता येत नाही तिला. गेला आवाज."

 फादर म्हणाले, "काय म्हणाला होतास तिला? तालमीत."

"बेसूर प्रार्थनेपेक्षा मुकी प्रार्थना बरी."

"पुन्हा म्हण."

मास्तरांनी पुन्हा म्हटलं.

"हे कुठून आणलंस?"

मास्तर खाली बघत राहिले.

"दुमिंग... कुठून आणलंस?"

"तुमचं आहे, फादर."

"माझं?"

"मी चौदा वर्षांचा होतो. गुड फ्रायडेची तालीम होती. जुजे सुतार मागं उभा राहून गायचा, आठवतो? मोठा आवाज, सुराचा पत्ता नाही. पण जीव ओतून गायचा. तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत आणि त्याला तसं म्हणालात. सगळे हसले."

फादरांचे ओठ किंचित उघडे राहिले.

"मला ते वाक्य फार आवडलं होतं," मास्तर म्हणाले. "घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. तुमची सगळीच वाक्यं लिहून ठेवायचो मी."

"आणि जुजे?"

"गायनवृंदात पुन्हा आला नाही. पुढं आतसुद्धा बसायचा नाही. मिस्सा चालू असताना बाहेर उंबराखाली उभा असायचा. चर्चची सगळी बाकं त्यानंच केली होती, फादर. त्यांवर तो कधी बसला नाही."

"मी असं म्हणालो..."

"तुम्ही तरुण होतात, फादर."

"मला आठवत नाही."

बागेत कुणीतरी केळीची सुकलेली पानं कापत होतं. कोयत्याचा आवाज येत होता. फादरांनी पट्ट्याचं टोक बोटांत धरलं होतं.

"कुठं असतो तो?"

"वारला. अकरा वर्षं झाली."

"घरी कुणी?"

"लग्न नव्हतं केलं त्यानं."

 कोयत्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. मास्तरांचे गुडघे ठणकत होते, पण त्यांना उठवेना. गुरूच्या चेहऱ्याकडे त्यांनी वर बघितलं आणि नजर खाली वळवली. एवढ्या वर्षांत तो चेहरा त्यांनी असा पाहिला नव्हता.

शेवटी मास्तरच म्हणाले, "फादर, मला प्रायश्चित्त सांगा."

फादर हिलरींनी गळ्यातला जांभळा पट्टा काढला. चुंबन घ्यायला ओठांपर्यंत नेला, आणि तसाच खाली आणला. घडी केली. नीट जमली नाही. पुन्हा केली आणि बाकावर ठेवून दिली. मग भिंतीला टेकवलेली काठी हाताशी घेतली आणि दुसरा हात उठण्यासाठी मास्तरांच्या खांद्यावर ठेवला.

"मार्सेलिन आत्ता घरी असेल का?"